पूरबळी आणि हवामानबदलाची ढाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरात आणि दरडीखाली गेलेल्या माणसांची जबाबदारी कोणाची, याविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात चाललेला वाद मी लक्षपूर्वक वाचत आलो आहे. काही वाचकांचे म्हणणे असे की, पाऊसच आता पूर्वीचा राहिलेला नसल्याने प्रशासनाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. तर काहींच्या मते हवामानबदल ही नाकर्तेपणा झाकण्यासाठी पुढे केलेली ढाल आहे. मला वाटते, दोन्हीकडून पाऊस आणि मृत्यू या दोन गोष्टींची गल्लत होत आहे. पाऊस एवढा का पडला, याचे उत्तर हवामानशास्त्राकडे आहे. परंतु अमुक माणूस त्या रात्री त्याच घरात का होता, त्याला धोक्याची कल्पना कोणी आणि केव्हा दिली, बाहेर पडायचे तर त्याच्यापुढे कोणते साधन होते, याचे उत्तर वेधशाळेत मिळणार नाही. ते तहसील कचेरीत, पाटबंधारे उपविभागात आणि ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात शोधावे लागते. आपल्याकडे ते कोणी शोधतच नाही, अशी माझी तक्रार आहे.

हवामानबदल नाकारण्याचा माझा हेतू नाही. हवेचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राचे साधे गणित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्याच दोन दिवसांत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले आणि तळीये गावावर कडा कोसळला. अशा पावसापुढे कोणतीही यंत्रणा काही अंशी तोकडी पडणारच, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

मात्र हे मान्य केल्यावर जबाबदारी कमी होते की वाढते? माझ्या मते वाढते. एखादे संकट पहिल्यांदाच आले तर ते अकल्पित होते असे म्हणता येते. कृष्णेला २००५ मध्ये महापूर आला, २०१९ मध्ये आला आणि २०२१ मध्ये पुन्हा आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २००५ मध्ये पाणी साडेत्रेपन्न फुटांच्या पुढे गेले होते, तर २०१९ मध्ये ते साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोहोचले. नदीकाठच्या अनेक कुटुंबांनी २००५ ची भिंतीवरची खूण प्रमाण मानली होती. त्या खुणेच्या वर धान्याची पोती, कागदपत्रे, गाद्या रचून ठेवायच्या, दुभती जनावरे उंच जागी बांधायची आणि माडीवर बसून पाणी उतरण्याची वाट पाहायची, असा त्यांचा हिशेब होता. २०१९ मध्ये पाणी त्या खुणेच्याही जवळपास चार फूट वर चढले. गावकऱ्यांचा हा हिशेब चुकला तर समजण्यासारखे आहे, कारण त्यांच्याजवळ अनुभवाखेरीज दुसरे माप नव्हते. जलसंपदा विभागाकडे मात्र धरणांतील साठ्याचे, विसर्गाचे आणि पर्जन्याचे तासातासाचे आकडे असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखायची, ती गेल्या काळातील नोंदींच्या आधारे. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिल्यावर या रेषा पुन्हा तपासणे आणि त्यांच्या आतील बांधकामांना परवानगी देणाऱ्यांना जाब विचारणे, हे काम पावसाचे नव्हे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून १७ जणांचा मृत्यू झाला, त्याचेच उदाहरण घेऊ. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे हे गाव पाण्याने वेढले गेले होते, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नव्हता आणि लोक ग्रामपंचायतीच्या बोटीत क्षमतेपेक्षा अधिक संख्येने चढले. ही बोट बचाव दलाची नव्हती, असा खुलासा तातडीने झाला. तो खरा असेल, पण त्यातून निघणारा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोयनेतून किती विसर्ग चालू आहे आणि ते पाणी किती तासांनी कोठे पोहोचेल हे ठाऊक असताना, रस्ता तुटण्यापूर्वी हे गाव रिकामे का झाले नाही? संगमावरच्या गावांसाठी किती बोटी लागतील, याचा अंदाज पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीत कोणी मांडला होता का? ग्रामपंचायतीच्या बोटीची क्षमता किती, ती शेवटची कधी तपासली, तिच्यात जीवरक्षक जॅकेटे किती होती, नावाड्याला प्रशिक्षण कोणी दिले? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यायला जागतिक तापमानवाढीचा आकडा लागत नाही. लोक गाव सोडायला तयार नव्हते, असेही अशा वेळी सांगितले जाते. पण ते का तयार नसतात, याची चौकशी केली तर बहुतेकदा गोठ्यातील म्हशीपाशी येऊन थांबावे लागते. जनावरांच्या छावणीची आणि वैरणीची सोय न करता माणसांना निवारा केंद्रात या म्हणणे, म्हणजे शेतकऱ्याला त्याची वर्षाची मिळकत पाण्यात सोडून ये असे सांगणे होय.

त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी मात्र धरण खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटल्याचे सांगितले. त्यावर महाराष्ट्र हसला आणि हसण्यातच मूळ प्रश्न विरून गेला, ही त्या विधानाची खरी कमाई. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल ऑगस्ट २०१६ मध्ये दोन एस.टी. बसगाड्यांसह वाहून गेला, तेव्हा त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन त्याला धोका नसल्याचे आढळले होते, असे सरकारनेच सांगितले होते. नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहिला. त्या तपासणीत नेमके काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे मात्र राज्यातील प्रत्येक जुन्या पुलाच्या अभियंत्याला तोंडपाठ असायला हवे होते. ते तसे आहे का?

दरडींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे विधिमंडळात सांगण्यात आले. यादीत नाव नसणे हे जणू निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र आहे, अशा थाटात ते सांगितले गेले, असे निदान मला वाटले. यादी डोंगर बनवीत नाही, माणसे बनवतात. २०१४ मध्ये माळीण गाव गाडले गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एका एस.टी. चालकाच्या लक्षात आले. त्यानंतरच्या नऊ वर्षांत कड्याखालच्या प्रत्येक वस्तीची पाहणी झाली असती, तर यादीचे समर्थन करण्याची वेळ आली नसती.

शेजारी राज्याकडे बोट दाखवण्याचा प्रघातही या निमित्ताने नोंदवायला हवा. कृष्णेवरील कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत वाढवण्यास महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो आपल्या जागी योग्यच असू शकेल. तथापि, २०१९ च्या पुरासाठी राज्यानेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने सांगली-कोल्हापूरच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही. तरी दर पावसाळ्यात सभांमधून अलमट्टीच ऐकू येते.

आता मृत्यूनंतर काय होते ते पाहू. पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते, महसूल विभाग पंचनामा करतो आणि वारसांना चार लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते. रक्कम मिळाली की प्रकरण मिटले. या सबंध कागदपत्रांत मृत्यूचे कारण ‘पाण्यात बुडून’ यापलीकडे जात नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने जिल्ह्याचा आराखडा करावयाचा आणि अमलात आणावयाचा असतो. त्याच कायद्याच्या ५६ व्या कलमात कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र ५९ व्या कलमानुसार असा खटला भरण्यास सरकारचीच पूर्वपरवानगी लागते आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला ७३ व्या कलमाचे संरक्षण आहे. ज्याच्या आराखड्याची परीक्षा व्हायची, त्याच्याच वरिष्ठांनी ती होऊ द्यायची की नाही हे ठरवायचे, अशी ही रचना आहे.

शिक्षेची कलमे कडक करा, अशी माझी मागणी नाही. तसे झाले तर बळी जाईल तो तलाठ्याचा आणि ग्रामसेवकाचा, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या बचावासाठी दर ढगाला इशारा काढील. वायनाडची दुर्घटना जुलै २०२४ मध्ये घडली तेव्हा, ढिगारे उपसणे चालू असतानाच, आम्ही आठवडाभर आधी इशारा दिला होता असे केंद्राने संसदेत सांगितले आणि दरड कोसळण्यापूर्वी लाल इशारा आलाच नव्हता असे केरळच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. इशारा निघाला की नाही एवढ्यावर भांडण झाले. तो डोंगराखालच्या घरात मध्यरात्री कोणाच्या तोंडून पोहोचणार होता, हा प्रश्न त्या भांडणात कोणालाच नको होता.

त्याऐवजी रेल्वेचे उदाहरण घ्यावे. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात; अपघाताची चौकशी ज्याची गाडी त्यानेच करू नये, हे तत्त्व आपण स्वातंत्र्यापूर्वीच मान्य केले आहे. पूर आणि दरडींत एकाहून अधिक माणसे दगावली की महसूल, जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम या तिन्ही खात्यांच्या बाहेरच्या आयोगाने ठरावीक मुदतीत चौकशी करावी, गावकऱ्यांची साक्ष गावात येऊन घ्यावी आणि अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात पावसाचा वाटा किती, धरणाच्या विसर्गाचा किती, निळ्या रेषेतील परवानग्यांचा किती आणि न आलेल्या बोटीचा किती, हे प्रत्येक मृत्यूगणिक लिहिले जावे. पुढे कोणावर खटला भरायचा की नाही, हा त्यानंतरचा आणि वेगळा विषय राहील.

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी लिबियातील डेर्ना शहराकडे पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे वादळी पावसात दोन धरणे फुटून हजारो माणसे गेली. हवामानबदलामुळे तो पाऊस अधिक तीव्र झाला होता, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. पण धरणांची देखभाल झालेली नव्हती हेही पुढे आले आणि यादवीने पोखरलेल्या त्या देशातही जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. त्या खटल्याच्या निष्पक्षतेविषयी शंका घेता येईल, परंतु दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे तेथे मान्य झाले. स्पेनमध्ये वेलेन्सियाच्या पुरानंतर मोबाइलवरचा धोक्याचा संदेश रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी का निघाला, या एका प्रश्नाभोवती न्यायालयीन तपास उभा राहिला. हवामान खात्याने त्या दिवशी सकाळीच लाल इशारा दिलेला होता.

राहता राहिला औद्योगिक देशांच्या उत्सर्जनाचा मुद्दा, जो आपल्या एका पत्रलेखकाने तळमळीने मांडला होता. तो मला पूर्ण मान्य आहे. हवामानविषयक हानीची भरपाई करण्यासाठीचा निधी उभारण्याचे २०२२ च्या शर्म-अल-शेख परिषदेत ठरले आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांची कायदेशीर बांधिलकी असल्याचे सल्लागार मत दिले. उद्या कृष्णाकाठच्या किंवा रायगडच्या मृतांसाठी त्या व्यासपीठावर दाद मागायची, तर पहिला प्रश्न हाच येईल की यांतील किती माणसे पावसाने मेली आणि किती तुमच्या पुलाने, तुमच्या धरणाने, तुमच्या परवानग्यांनी. त्या वेळी आपल्या शिष्टमंडळाच्या हातात अकस्मात मृत्यूच्या नोंदी आणि अनुदानवाटपाच्या याद्या असतील. आणि समोरच्या देशांचे वकील त्याच आधारावर सगळा दोष आपल्या कारभारावर ढकलतील, जसा आपण आज सगळा दोष आभाळावर ढकलतो.

येत्या पावसाळी अधिवेशनात सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड या चार जिल्ह्यांतील आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून निदान २०१९ नंतरच्या प्रत्येक पूरबळीची आणि दरडबळीची अशी कारणनिहाय माहिती सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची मागणी करावी, आणि आपल्या दैनिकाने त्या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज