शनिवारची बैठक : मुलांचा ताण आणि आपलाही

पालक-शिक्षक मंडळींनो, नमस्कार.

येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता रंकाळ्याच्या पदपथ उद्यानात बसूया. दहावीची सराव परीक्षा लागल्यापासून माझ्या वर्गातलं एक लेकरू पहिल्या तासाला पोट धरून बसतं, मधल्या सुट्टीत बरं असतं. हे नाटक नव्हे. ताणानं पोट खरंच दुखतं.

• मुलांनाही आणा. तिथं मार्कांचा विषय कुणीही काढायचा नाही.
• शिक्षकांनी स्वतःसाठी यावं. पेपर तपासत रात्री जागून आपणही चिडचिडे झालोय.
• मुलाची झोप, भूक बदललीय का, एवढं बघून या.

शनिवारपर्यंत थांबवत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवावं.