दोन लहान चाकूंपैकी कोणता घ्यावा

सावईवेरे, फोंडा (गोवा)

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्वीडनच्या मोरा कंपनीचा एल्ड्रिस घ्यावा की अमेरिकेतल्या एस्सी कंपनीचा इझुला, असे तू विचारले आहेस. तळपणच्या नदीकाठी राहणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ गळ टाकणाऱ्या माणसाने एल्ड्रिसच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रातला सारा भर पात्याच्या जाडीवर आणि मजबुतीवर आहे, आणि तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. चाकू काम किती करतो यापेक्षा काम संपल्यावर तो किती वेळ ओला राहतो, हे आपल्या हवेत आधी पाहावे लागते.

इझुलाचे पोलाद १०९५ जातीचे आहे. त्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो आणि गंज रोखणारे क्रोमियम जवळजवळ नसतेच. पात्यावर रंगासारखा लेप असतो खरा, पण धार उघडी राहते, आणि गंज नेमका तिथेच आधी धरतो. धारेचे टोक इतके पातळ असते की डोळ्यांना न दिसणारा गंजही ते खाऊन बोथट करतो. म्हणजे पावसाळ्यात, काहीही न कापता, म्यानात ठेवलेल्या चाकूची धार जाते. त्यातच तू कैरी, भिरंडे (कोकमाची फळे) आणि केळीचे घड कापणार. आंबट रसाने आणि केळीच्या चिकाने असले पोलाद लगेच काळे पडते, आणि कापलेल्या फळालाही लोखंडाची चव लागते. एल्ड्रिसच्या १२सी२७ पोलादात क्रोमियम साधारण साडेतेरा टक्के असते. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा भरून येतो. मात्र खाऱ्या पाण्यातले क्षार या थरालाही भेदतात. म्हणून स्टेनलेस असला तरी मासळी साफ केल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन पुसावाच लागेल. फरक इतकाच, की एखाद्या संध्याकाळी हे राहून गेले तर एल्ड्रिस ते सहन करील.

कार्बन पोलादाची धार जास्त टिकते, असे तू लिहिले आहेस. ते सरसकट खरे नाही. या दोन चाकूंची रॉकवेल कठीणता, म्हणजे पोलाद किती कठीण आहे याचे माप, ५५ ते ५८ च्या आसपासच आहे, त्यामुळे रोजच्या वापरात धारेच्या टिकाऊपणात मोठे अंतर पडत नाही. अंतर पडते ते पात्याच्या घडणीत. एल्ड्रिसचे पाते ५९ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड आहे. इझुलाचे किंचित लांब, पण जवळजवळ ४ मिलिमीटर जाड. कैरीच्या फोडी करताना ही जाडी पाचरीसारखी आड येते. सुंभ कापायला, गळाचे आमिष तयार करायला किंवा काठी तासायला २ मिलिमीटर पुरेसे आहेत, आणि एल्ड्रिसची धार दोन्ही बाजूंना प्रत्येकी एकाच रुंद उताराची असल्यामुळे तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. नारळ सोलणे, फांदी छाटणे ही कामे या दोघांपैकी कोणाचीच नाहीत. त्यासाठी घरात कोयता आहे.

मुठीबाबतही माझा कौल तोच आहे. इझुला एकाच पोलादी तुकड्यातून कापलेला असतो आणि त्याच्या मधून कापून काढलेल्या सपाट मुठीला बरेच जण दोरी गुंडाळतात. ती दोरी आषाढात भिजली की लवकर वाळत नाही आणि तिच्याखाली ओल व मीठ दडून राहते. एल्ड्रिसची मूठ जाड आणि रबरी स्पर्शाची आहे, ओल्या हातातून निसटत नाही. खिशात ती फुगीर वाटेल, ही तक्रार मी मान्य करतो. तरीही इझुला घ्यायचाच असेल, तर रोज रात्री पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरव, आणि पावसाळ्यात चामड्याचे म्यान वापरू नकोस, कारण चामडे ओल धरून ठेवते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्या मापाच्या तू पुष्कळच आत आहेस. तरी जत्रेच्या गर्दीत किंवा मडगावच्या बाजारात कमरेला चाकू दिसेल असा लावू नये, आणि दाबोळी किंवा मोपा विमानतळावर जाताना हातातल्या सामानात तो चुकूनही ठेवू नये.

माझ्याकडे दोन्ही चाकू आहेत. पैसे भरण्याआधी एकदा इकडे ये, कुळागरात (बागायतीत) दोन्ही वापरून पाहा, आणि येताना तुझा गळ व दोरी घेऊन ये, म्हणजे तुझ्याच कामावर त्यांची पारख होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र