बाबा, ब्रेक कोणाच्या हातात?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "ती मुंबईतली भुयारातली मेट्रो म्हणे आपोआप चालते. मग ब्रेक कोणाच्या हातात?" जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही.

केबिनमध्ये माणूस असतो. पण वेग किती ठेवायचा, पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, हे यंत्रणा बघते. प्रत्येक गाडी आपली जागा रेडिओवरून सतत कळवत असते. वेगाची मर्यादा ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतात. कशेडी घाटात धुक्यात तुम्ही पुढच्या ट्रकचे लाल दिवे शोधत गाडी काढायचात. इथे ते दिवे कायम दिसत असतात, असं समजा.

माझा भरवसा बसला तो दारांमुळे. फलाटाच्या कडेला उंच काचेची भिंत आहे. गाडी थांबली की तिचं दार आणि काचेचं दार समोरासमोर येऊन उघडतात, आणि दारं नीट लागल्याशिवाय गाडी हलत नाही. लोकलला हे कधी मिळणार? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसं रुळांवर पडली, काही जिवानिशी गेली. आपोआप लागणाऱ्या दारांची एसी लोकल पश्चिम रेल्वेवर डिसेंबर २०१७ मध्येच आली होती! साध्या डब्यात दारं लावली तर हवा कोंडते, ही अडचण खरी. पण तिच्यावर तोडगा निघायलाच हवा, कारण ऑफिसची वेळ गाठणारा माणूस स्वतःहून दार लावणार नाही.

तिकिटाचं मात्र सगळं फोनवर ढकललेलं मला पटत नाही. बॅटरी उतरली की माणूस गेटपाशी अडकतो आणि मागची रांग कुरकुरते. रोख पैसे घेणारी खिडकी राहिलीच पाहिजे. तुम्ही तिथूनच कागदी तिकीट घ्या. त्यावरचा कोड गेटवर धरायचा, आणि बाहेर पडतानाही तोच लागतो, म्हणून तिकीट चुरगाळू नका.

आई, ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. माझ्याकडून, मरोळ नाक्यावरून गिरगावात मावशीकडे गाडी न बदलता जाता येतं. सरकत्या जिन्याची धास्ती नको, लिफ्ट आहे.

कधी येताय ते कळवा, म्हणजे रजा टाकते. पहिल्यांदा दुपारी, गर्दी नसताना जाऊ.

तुमची,
सुमी