कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील पॅटर्नमेकर काकांना जाहीर आभार पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या वडिलांच्या 1967 सालच्या फियाट डिलाइटचे काम गेल्या आठवड्यात पूर्ण झाले आणि पहिले पत्र आपल्यालाच लिहायचे, हे मी तेव्हाच ठरवले. आपण केलेले काम जुन्या गाड्यांची निगा राखणाऱ्या इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी बनली; हेच मॉडेल पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी आले. त्यामुळे 1089 सीसीच्या इंजिनाचे बरेचसे सामान आजही शोधले तर मिळते. आमचे घोडे अडले ते पुढच्या दारांतील तिकोनी काचेच्या खटक्यापाशी. मूळ खटका मझाकचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा. डावीकडचा मोडला तेव्हा एका वर्कशॉपमध्ये तो जोडायला दिला. पण ही धातू चारशे अंशांच्या आतच वितळते, त्यामुळे गॅसची ज्योत लागताच त्याचा गोळा झाला. दुकानातून आणलेले दोन खटके चौकटीत बसले नाहीत. उजवा शाबूत होता, पण तो डाव्याचा आरशातला जोडीदार; नमुना म्हणून पुढे ठेवता येईल, जसाच्या तसा उतरवता येणार नाही.

तो उजवा खटका घेऊन मी आपल्याकडे आलो तेव्हा आपण तो तळहातावर घेऊन बराच वेळ नुसता फिरवत राहिलात. मग बारीक मापे घेण्याचे व्हर्नियर काढून त्याची मापे आरशातल्यासारखी उलटी करून कागदावर उतरवलीत. सागवानाच्या तुकड्यातून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा लाकडी नमुना, कोरताना आपण नेहमीची पट्टी बाजूला ठेवून धातू आकसण्याचे माप आधीच धरून आखलेली पट्टी घेतलीत. गनमेटल, म्हणजे तांबे-कथलाचा मिश्रधातू, थंड होताना शेकडा सुमारे दीड आकसते, म्हणजे साठ मिलिमीटरच्या वस्तूत जवळजवळ एक मिलिमीटर कमी भरते, हे आपण मला पॅटर्न हातात देऊन समजावलेत. वाळूतून पॅटर्न सुटताना कडा ढासळू नयेत म्हणून बाजूंना दिलेला किंचित उतार बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. क्रोम चढवण्याआधी तांबे आणि निकेलचे थर बसतात, हे लक्षात घेऊन पिनेचे भोकही आपण किंचित मोकळे ठेवलेत. ते मला कधीच सुचले नसते.

पहिल्या ओतकामात आतल्या बाजूला बारीक छिद्रे आली होती. क्रोमखाली ती झाकली गेली असती आणि मला आयुष्यात कळलीही नसती. आपण मात्र तो नग माझ्यासमोर मोडून परत मुशीत टाकलात. जिथे ऑर्डरी हजारांच्या हिशेबाने येतात त्या गल्लीत एका खटक्यासाठी दुसऱ्यांदा साचा भरणे किती तोट्याचे असते, याची मला जाणीव आहे.

गिअरच्या सळईचे फॉस्फर ब्राँझचे बुशही (सळई ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या) आपणच लेथवर करून दिलेत. आधी दुसरा गिअर चाचपडत शोधावा लागायचा. आता लिव्हर नेमकी जागेवर जाते. त्या बुशांचे पैसे आपण घेतले नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

माझ्या वडिलांना हल्ली फारसे चालवत नाही. गाडी दारात आली त्या संध्याकाळी ते चालकाच्या शेजारी, डाव्या सीटवर बसले आणि त्यांनी सवयीने तो खटका दाबून फिरवला. काच उघडली. त्यांनी ती पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. त्यांना काही सांगावे लागले नाही आणि तो भाग नवा आहे हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. आपल्या कामाची याहून मोठी पावती माझ्याकडे नाही.

पॅटर्न आपण मलाच देऊन टाकलात. तो मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. कुणा डिलाइटवाल्याला डावा खटका हवा असेल तर त्याने तो माझ्याकडून जरूर न्यावा; आपली परवानगी आहे, असे आपण स्वतःच म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन गाडीनेच उद्यमनगरात येत आहे. त्या दिवशी कृपया दुपारी घरी जेवायला जाऊ नये. डबा आम्ही आणू.

आपला ऋणी,
एक डिलाइटमालक, सातारा