लेस्टरच्या त्या गुजराती मावशींचे आभार

बाबा शेवटचे काही दिवस इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या इस्पितळात होते. स्कॅनच्या वेळी नर्सने त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. तिच्या लेखी तो दागिना. बाबा वारकरी, हात सारखा गळ्याशी जायचा, जेवण बंद झालं. माझं समजावणं इंग्रजीत धड जमेना, रडूच यायचं.

मग इस्पितळाच्या चॅप्लन्सी विभागाने, म्हणजे रुग्णांना धार्मिक आणि मानसिक आधार देणाऱ्या विभागाने, एका हिंदू स्वयंसेविकेला पाठवलं. साठीच्या गुजराती बाई. आल्या त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आधी विचारलं, "घरी रोज काय म्हणायचे?" हरिपाठ, म्हटलं. त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी माझ्याकडून फोनवर लावून घेतला, आवाज अगदी बारीक, आणि बाबांच्या तळहातावर बोटांनी ठेका धरला. बाबांचे ओठ हलू लागले! सिस्टरशी बोलून माळ मनगटाला बांधायची परवानगीही त्यांनीच काढली. ऑक्सिजनमुळे निरांजन चालणार नव्हतं, म्हणून पर्समधून बॅटरीचा दिवा निघाला.

प्रशिक्षणात त्यांना हेच शिकवतात म्हणे: आपला संप्रदाय दाराबाहेर ठेवायचा, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. (आमच्या काही नातेवाइकांनाही तिथे पाठवावं.)

बाबा गेले तेव्हा तोंडात तुळशीपत्र होतं. तेही मावशींनी स्वतःच्या कुंडीतलं आणून दिलेलं. मावशी, तुमचे आणि तुम्हाला शिकवणाऱ्यांचे मनापासून आभार.