प्रगत अभ्यासक्रमाच्या शिक्षकांपुढे उत्तरपत्रिका ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा किती तास आणि किती शिक्षक या दोन आकड्यांपाशीच थांबते. त्या तासांत नेमके काय घडते, याची विचारपूस फारशी होत नाही. मी स्वतः असा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम बरीच वर्षे शिकवत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या प्रशिक्षणाच्या मध्यभागी विद्यार्थ्यांनी लिहिलेली उत्तरे असावीत आणि व्याख्याने त्यांच्या आधाराला असावीत.

या पातळीवरचा शिक्षक सहसा विषयात कच्चा नसतो. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1986 साली दाखवून दिले होते की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे तंत्र यांच्याखेरीज शिक्षकाकडे आणखी एक ज्ञान लागते: या विशिष्ट विषयात विद्यार्थी कुठे अडखळतो, कोणत्या उदाहरणाने त्याची वाट मोकळी होते आणि कोणत्या उदाहरणाने तो भलतीकडेच जातो. हे ज्ञान पदवीतून मिळत नाही आणि सर्व विषयांच्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून दिलेल्या, सगळ्यांना लागू आणि म्हणून कोणालाच नीट लागू न पडणाऱ्या व्याख्यानांतूनही मिळत नाही.

मी हजेरी लावलेल्या एका तीन दिवसांच्या कार्यशाळेत पहिले अडीच दिवस साधनव्यक्तींनी पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला, जो आम्हालाही वाचता येत होता. शेवटच्या दुपारी एका सहकारी शिक्षिकेने एका उत्तराच्या छायाप्रती आम्हा आठ जणांना वाटल्या. सरळ वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवरील त्वरण किती आणि का, असा पाच गुणांचा प्रश्न होता. विद्यार्थ्याने लिहिले होते की, त्या बिंदूवर वेग शून्य असल्याने त्वरणही शून्य असते आणि पुढच्या क्षणी गुरुत्वाकर्षण चेंडूला पुन्हा खाली ओढू लागते. खरे तर गुरुत्वाकर्षण त्या क्षणीही ओढतच असते, म्हणून त्वरण तिथे शून्य नसते. त्याखाली उंचीचे आकडेमोडीचे उत्तर मात्र अचूक होते. आम्ही एकमेकांना न दाखवता गुण लिहिले, तर ते एकपासून चारपर्यंत पसरले. पुढचा पाऊण तास जो वाद झाला, तो त्या तीन दिवसांतला माझ्या मते एकमेव खरा प्रशिक्षणाचा भाग होता. एका अनुभवी शिक्षकाने तर मोकळेपणाने सांगितले की, ‘वर पोचल्यावर क्षणभर सगळे थांबते’ हे वाक्य ते स्वतःच वर्गात वापरत आले आहेत. पुढच्या आठवड्यात मी माझ्या वर्गाला विचारले की, त्या बिंदूवर त्वरण खरोखर शून्य असते तर चेंडूचे काय झाले असते. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले, की तो तिथेच लटकून राहिला असता.

हा गोंधळ माझ्याच वर्गापुरता नाही. बल आणि गती यांविषयीच्या अशा समजुती तपासण्यासाठी डेव्हिड हेस्टेनिस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली होती. अशाच प्रकारच्या चाचणीत आपले विद्यार्थी अडखळलेले पाहूनच हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांच्यासारख्या प्राध्यापकाला आपली व्याख्यानपद्धती मुळापासून तपासावी लागली. मग शाळेतल्या शिक्षकाने ती एकट्याने, उरलेल्या वेळात तपासावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अमेरिकेतील ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी, हा शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवणारा अभ्यासक्रम 1950च्या दशकापासून चालतो. त्याच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात साधारण 30 तासांची विषयवार प्रशिक्षण शिबिरे भरतात. मला मात्र त्यापेक्षा मोलाची वाटते ती त्यांची उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत. दर जूनमध्ये शाळांतील आणि महाविद्यालयांतील हजारो शिक्षक दीर्घोत्तरी प्रश्न तपासतात. त्याआधी नमुना उत्तरांवर एकत्र बसून कोणत्या विधानाला गुण द्यायचा आणि कोणत्याला नाही, हे पक्के करतात. हेतू गुणदानाचा असला, तरी तेथून परतलेला शिक्षक वर्गात वेगळे प्रश्न विचारू लागतो. हा लाभ अर्थातच तपासनीस म्हणून निवड झालेल्यांपुरता राहतो, आणि ज्याला गरज सर्वांत जास्त, तो नवखा शिक्षक बाहेरच असतो.

अभ्यासक्रम बदलला की ही उणीव उघडी पडते. एपीने 2014-15 मध्ये बीजगणितावर आधारित भौतिकशास्त्राची पुनर्रचना केली आणि सूत्रात आकडे भरण्यापेक्षा कारणमीमांसा लिहिण्यावर भर दिला. त्यातल्या ‘फिजिक्स 1’ या नव्या पेपरमध्ये सुरुवातीची काही वर्षे पाचपैकी तीन किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवणारे विद्यार्थी निम्म्याहूनही कमी होते. याचे सगळे खापर शिक्षकांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण स्पष्टीकरण लिहायला शिकवणे हे गणित सोडवून दाखवण्यापेक्षा वेगळे काम आहे आणि ते आधी शिक्षकाने स्वतः करून पाहिले पाहिजे, हे खरे. प्रशिक्षणात शिक्षकांना वेळ लावून तोच पेपर सोडवायला बसवण्याची कल्पना काहींना अपमानास्पद वाटते. मी एकदा तो तसा सोडवला आणि एका प्रश्नाला वेळ अपुरा पडला, तेव्हापासून माझ्या चाचण्यांची लांबी कमी झाली.

आणखी एक अडचण एकटेपणाची. प्रगत विषय शिकवणारा शिक्षक शाळेत अनेकदा एकच असतो, त्यामुळे शंका विचारायला शेजारचे टेबल नसते. जपानमध्ये शिक्षकांचा गट मिळून एक पाठ तयार करतो, एकजण तो शिकवतो, बाकीचे शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यांचे निरीक्षण करतात आणि तासानंतर त्यावर बोलतात. हे करायला चार शाळांचे शिक्षक एकत्र यावे लागतील आणि त्यासाठी त्यांना वेळापत्रकात जागा लागेल. रविवारी किंवा सुट्टीत बोलावलेल्या प्रशिक्षणाला शिक्षक येतात, सह्या करतात आणि घड्याळ पाहतात. यात त्यांचा दोष मी तरी मानत नाही.

म्हणून शाळांच्या व्यवस्थापनांना आणि प्रशिक्षण आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की, वर्षातून एकदाच तीन सलग दिवस घेण्याऐवजी तेवढेच तास महिन्यातील एका दुपारी, एकाच विषयाच्या शिक्षकांसाठी विभागून द्यावेत. त्या दुपारी शिक्षकाच्या तासिकेला बदली शिक्षक द्यावा. आणि प्रत्येकाने येताना नावे झाकलेली आपल्या वर्गातील पाच उत्तरे आणावीत, त्यांत किमान दोन अशी असावीत की ज्यांना किती गुण द्यावेत, हे त्याला स्वतःलाच ठरवता आलेले नाही.

आपला,
एक भौतिकशास्त्र शिक्षक