कायद्याच्या लेखी नसलेले धरण: मंत्रिमहोदयांस खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय: गावतलावाच्या मातीच्या भिंतीची दुरुस्ती व खालच्या वस्तीची सुरक्षितता

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या भूमिपूजनासाठी आपण यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आला होता. त्या वेळी गावकऱ्यांनी तलावाच्या गळतीबाबत दिलेले निवेदन आपण स्वीकारले आणि पावसाळ्यापूर्वी भिंतीची दुरुस्ती केली जाईल, असे ध्वनिक्षेपकावरून सर्वांसमक्ष सांगितले. रस्ता झाला, त्याबद्दल आभार. मात्र त्या रस्त्याच्या भरावासाठी लागणारा मुरूम आमच्या तलावाच्या पायथ्यापासून खोदून नेण्यात आला, ही बाब आपल्या कानावर कोणी घातली नसावी, असे समजून हे पत्र लिहीत आहे. परवाना दुसऱ्याच गटाचा होता. पण पोकलेन मशीन भिंतीच्या खालच्या अंगाला रात्रभर चालत होते आणि सकाळी तेथे पुरुषभर खोल खड्डा दिसत होता. मातीच्या भिंतीचा पायथा हा तिचा टेकू असतो, तो काढून घेतल्यावर वरचा उतार खाली सरकू लागतो, हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामातला आहे. ज्यांनी त्यावर टोपल्या वाहिल्या, त्यांतली काही माणसे आजही गावात आहेत आणि मध्ये काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचे अस्तर, ही रचना ती आजही तोंडपाठ सांगतात. आज पिचिंगचे दगड निसटले आहेत, उतारावर बाभळी माजल्या आहेत, आणि वाळलेल्या झाडांची मुळे कुजून आत नळ्या तयार झाल्या आहेत. जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्यावर मासेमारीच्या ठेकेदाराने मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी बांधली आहे. पुरात तिला काडीकचरा आणि बेशरमीची झुडपे अडकतात, सांडवा तुंबतो आणि पाणी पाळीच्या, म्हणजे भिंतीच्या, माथ्याकडे चढू लागते. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहिले, तर ती काही तासांत कापली जाते. माशांची काळजी घेतली जाते, याचे आम्हाला समाधान आहे.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जे घडले, ते आता सांगतो. दोन दिवसांची झड लागली होती. पायथ्याशी जो पाझर वर्षानुवर्षे नितळ वाहत असे, तो त्या संध्याकाळी मातकट झाला आणि त्याच्या तोंडाशी बारीक गाळाची वारुळासारखी रास साचू लागली. नितळ पाझराची भीती नसते. गढूळ पाझर म्हणजे भिंतीची माती आतून सुटून बाहेर येत असते. तलावाची पातळी उतरवावी म्हणून आम्ही विमोचकाकडे, म्हणजे पाणी सोडायच्या दाराकडे, गेलो, तर त्याचे चाक केव्हाच चोरीला गेलेले आणि दांडा गंजून जाम झालेला. खालच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, फोन लागत नव्हता, म्हणून दोन मुले बॅटरी घेऊन चिखलातून पळत गेली. सारे गाव रात्री शाळेच्या दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात बसले. माझ्या म्हाताऱ्या आईला आम्ही बाजेवर उचलून नेले. तिने वाटेत एकच विचारले, की दावणीची जनावरे सोडली का. सोडली होती. त्यांतली एक गाय अद्याप सापडलेली नाही.

भिंत टिकली. सांडव्याचे पाणी मात्र बाजूचा काठ फोडून माझ्या वावरातून गेले. बोंडावर आलेली पऱ्हाटी गेली, तूर गेली, धुऱ्यावरचा आंबा मुळासकट आडवा झाला, विहीर गाळाने काठोकाठ भरली आणि मोटार आतच राहिली. एकराहून अधिक जागी काळी माती धुऊन खाली पांढरा चोपण उघडा पडला आहे. पंचनाम्यात खरडलेले क्षेत्र २० आर, म्हणजे जेमतेम अर्धा एकर, लिहिले गेले. साहेब धुऱ्यावरूनच परतले, कारण आत चिखल होता. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये हा दर धरला, तर माझ्या वाट्याला ९,४०० रुपये येतात. वडिलांनी बैलगाडीने तलावातला गाळ आणून जी जमीन वीस वर्षांत तयार केली, तिची ही किंमत. आपलेच शासन ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना राबवते; आमच्याकडे ती योजना एका रात्रीत उलटी राबवली गेली. बँकेचे कर्ज उभे आहे, थोरल्या मुलीचे नर्सिंगचे शुल्क भरायचे आहे, आणि रब्बीसाठी विहिरीत पाणी नाही, गाळ आहे. हे सारे मी मदत वाढवून मिळावी म्हणून लिहीत नाही, असे म्हणणार होतो. पण का लिहू नये? नुकसान माझे झाले आहे आणि मुरूम सरकारी रस्त्यात आहे.

त्यानंतर दुरुस्ती झाली, हे आपल्या दप्तरी नोंदवलेले असेलच. दोन टिप्पर चिकण माती आणून पाझराच्या तोंडावर ओतली, तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढले आणि मंडळी गेली. महोदय, पाझर असा बुजवायचा नसतो. त्याच्यावर आधी वाळू, मग बारीक गिट्टी, मग दगड असे थर देतात, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती आत राहते. तोंड दाबले, की पाणी दुसरी वाट काढते. त्याप्रमाणे ते आता दहा पावलांवर, खड्ड्याच्या कडेला निघू लागले आहे.

दाद कोठे मागावी, हाही एक प्रश्नच आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेचे आणि त्यावरचे दुसऱ्या खात्याचे, अशी वाटणी आहे. आमचा तलाव नेमका या सीमेवर असल्याने एका कार्यालयात तो हस्तांतरित झालेला आहे आणि दुसऱ्यात तो पोहोचलेला नाही. माहितीच्या अधिकारात पावसाळापूर्व तपासणीचे कागद मिळाले, त्यांवर प्रत्येक वर्षी ‘स्थिती समाधानकारक’ हाच शेरा त्याच वळणाच्या अक्षरात आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला, म्हणून आम्ही आशेने तो वाचला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटी पूर्ण झाल्या तर. आमची भिंत ९ मीटरची आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ती धरणच नाही. पोडावरच्या कोलामांना हे कोणत्या शब्दांत समजावून सांगावे, याचे एक परिपत्रक निघाले तर बरे होईल.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे झोपेत वाहून गेली. गळतीची तक्रार तेथील गावकऱ्यांनी आधीच केली होती. धरण फुटल्यावर तत्कालीन मंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांना दिला. आमच्याही पाळीत खेकडे आहेत, घुशी आहेत, साळिंदरांची बिळे आहेत. चौकशी समितीला आरोपी हवे असतील, तर ते तयार आहेत. फक्त त्यांच्यापैकी कोणाकडे पोकलेन नाही, एवढे नोंदवून ठेवावे. जुलै २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्यांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. म्हणजे या राज्यात आमच्यासाठी हेलिकॉप्टर मिळू शकते, वाळू आणि गिट्टीचे चार ट्रक मिळू शकत नाहीत.

विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष १९८४ मध्ये दांडेकर समितीने मोजला, तेव्हा मी शाळेत होतो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. ३७२ कोटींचे ते काम अठरा हजार कोटींच्या पुढे गेले. नव्या कामाला कोनशिला असते, फीत असते, निविदा असते आणि निविदेला तिचे लाभार्थी असतात. जुन्या भिंतीवरच्या बाभळी तोडण्यात कोणाचेच काही साधत नाही, म्हणून त्या वाढत राहतात. आपल्या पक्षाचे राज्य असो वा समोरच्यांचे, देखभालीच्या रकान्यात आम्ही तीच आडवी रेघ पाहत आलो आहोत.

आता मागण्या. मुरमाचा खड्डा थर देऊन, दाबून भरावा. पाझरावर वाळू-गिट्टीचा निचरा करावा. सांडव्याची जाळी काढून त्याचा काठ बांधावा. विमोचकाला चाक बसवावे. पोडावर भोंगा द्यावा. आणि तलाव कोणाचा, हे एका ओळीत लेखी कळवावे. माझ्या जमिनीची मोजणी आत उतरून पुन्हा व्हावी. खोदकाम कोणाच्या आशीर्वादाने झाले याची चौकशीही करावी, पण ती नाही झाली तरी वरची कामे अडवू नयेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येणारच आहात. तेथून सवड काढून यावे. आल्यास गाडी पाळीवर चढवू नये. चाकोऱ्यांत पाणी साचते आणि ते भिंतीतच मुरते. खालच्या अंगाला पायवाट आहे, ती मी दाखवीन. सोबतच्या अधिकाऱ्यांना गमबूट आणायला सांगावे.

आपला,
तलावाखालचा एक शेतकरी
जिल्हा यवतमाळ